कुलाबा ते चर्चगेट : उखडलेल्या रुळांचा नकाशा हाताने काढताना

रूळरेषा

नमस्कार मंडळी,

चर्चगेट हे आज पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन. ३१ डिसेंबर १९३० पर्यंत मात्र ते वाटेतलं स्टेशन होतं. बीबीसीआयची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) गाडी चर्चगेट सोडून तशीच दक्षिणेला निघायची. डावीकडे ओव्हल आणि कूपरेज, उजवीकडे बॅकबे, आणि शेवट कुलाब्याला. १८९६ साली तिथे टर्मिनसची नवी इमारत झाली. शेजारी कापसाचा बाजार, मालगाड्यांचं यार्ड. आज त्याच जागेवर बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. बॅकबे रेक्लमेशनच्या बेतात ही लाइन आडवी येत होती, म्हणून ती काढली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल बांधलं.

या तुकड्याचा रूळनकाशा मी हाताने काढतेय. चर्चगेटच्या उत्तर टोकापासून कुलाब्याच्या बफरपर्यंत (रूळ संपतो तिथला अडसर) साधारण दोन किलोमीटर. स्केल १:१०००, म्हणजे कागदावर दोन मीटर. म्हणून शीटांचे तुकडे पाडलेत.

सुरुवातीलाच एक फरक सांगते, कारण ओळखीतले लोक लगेच जुने नकाशे पाठवायला लागतात (पाठवत राहा, हवेच आहेत!). शहराच्या नकाशावर रेल्वे म्हणजे एक काळी रेघ. त्या रेघेवरून लाइन कुठून गेली ते कळतं. पण किती रूळ होते, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा) कुठे होते, सायडिंग (गाड्या उभ्या करायची बाजूची लाइन) कुठल्या बाजूने फुटायची, इंजिन कुठे फिरवायचे, यातलं काहीच कळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच एक मैल शीटवर तर आख्खं यार्ड नखाएवढं. मला काढायचाय तो प्रत्येक रूळ वेगळा दाखवणारा प्लॅन.

त्यासाठी दोन नियम केलेत. पहिला, नकाशा एकाच दिवसाचा. दुसरा, प्रत्येक रेघेमागे पुरावा. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे मिळाले तर सलग शाई, एकच असेल तर तुटक शाई, आणि नुसता तर्क असेल तर पेन्सिल. प्रत्येक रेघेला नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे पुरावा. पेन्सिलची रेघ कितीही सुंदर जुळली तरी शाईत जाणार नाही.

हे मी इतकं जोर देऊन लिहितेय कारण नेटवर फिरणारे ‘जुन्या मुंबईचे रेल्वे नकाशे’ बघून जीव तुटतो. १८७० चं स्टेशन, १९१५ ची गोदी आणि १९२८ चे विजेचे खांब, सगळं एकाच चित्रात. असा दिवस मुंबईने कधी पाहिलेलाच नाही. पण चित्र देखणं असतं, लोक ते पुढे पाठवतात, आणि दहा वर्षांनी तेच कुणाचा तरी पुरावा होऊन बसतं.

इथे कुणी अशी कामं केली असतील तर अनुभव लिहा. पद्धतीवर टीका केलीत तरी चालेल.

परळकर

वा, फार दिवसांनी असा धागा आला. वाचतोय.

तारीख कुठली धरलीत? मला वाटतं ३१ डिसेंबर १९३० च हवी. कुलाब्याचा शेवटचा दिवस!

रूळरेषा

परळकर, मोह मलाही झाला होता. पण नकाशासाठी तो दिवस वाईट आहे.

५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेवर गाड्या सुरू झाल्या. १८ डिसेंबर १९३० ला बॉम्बे सेंट्रल उघडलं. ३१ ला कुलाबा बंद. शेवटच्या दोन आठवड्यांत मेल गाड्या आधीच सेंट्रलला गेलेल्या, आणि मधल्या स्टेशनाचं टर्मिनस व्हायची वेळ चर्चगेटवर आलेली. अशा दिवसांत यार्ड सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं. त्या काळातला कुठलाही कागद हातात आला तरी तो आधीचा, नंतरचा की नुसता प्रस्तावाचा, हेच ठरवत बसावं लागतं.

म्हणून मी १ जुलै १९२९ धरलीय. विजेचं काम होऊन दीड वर्ष झालंय, बंद व्हायला दीड वर्ष आहे. यार्ड स्थिर असण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त.

याच तारखांचा आणखी एक उपयोग होतो. कुलाब्याच्या फोटोत रुळांवर तारा दिसल्या तर तो फोटो विजेच्या कामाच्या वेळचा किंवा त्यानंतरच्या तीन वर्षांतला. तारा नसतील तर बहुधा त्याआधीचा. फोटोमागे कुणी काहीही साल लिहिलेलं असो, आधी तारा बघायच्या.

परळकर

पटलं. तारांची युक्ती तर मस्तच. व्हीटीच्या फोटोंनाही लागू पडेल. तिथे ३ फेब्रुवारी १९२५ ला कुर्ल्यापर्यंत हार्बर विजेवर सुरू झाली.

रूळरेषा

हो, पण व्हीटीला जरा जपून. सगळ्या लाइनी एकाच दिवशी विजेवर आल्या नाहीत. फोटोत कुठल्या फलाटावर तारा आहेत तेही बघावं लागतं.

जिओगणेश

छान उपक्रम. पण हाताने का? क्यूजीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवा आणि वरून लाइन गिरवा. एका रविवारचं काम आहे.

रूळरेषा

गणेश, नकाशे बसवायला मीही क्यूजीआयएसच वापरते, त्याला तोड नाही. पण रेघा मारायच्या वेळी कागदावर येते. स्क्रीनवर मी झूम करत जाते आणि जिथे माहिती नाही तिथेही हात सफाईदार वळण काढून मोकळा होतो. कागदावर पेन टेकवायच्या आधी थांबावंच लागतं. हा सांधा इथेच कशावरून? उजव्या हाताचा की डाव्या? समोरून येणाऱ्या गाडीला लागणारा की मागून येणाऱ्या? शाई पुसायला त्रास होतो, म्हणून प्रश्न आधी विचारले जातात. काहींना हे स्क्रीनवरही जमत असेल. मला कागदावर जमतं.

जिओगणेश

मान्य. मग नकाशे बसवण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण कुलाब्याला एक खास अडचण आहे.

एक म्हणजे, बसवण्याची ‘थिन प्लेट स्प्लाइन’ पद्धत निवडू नका. ते सगळे बिंदू (जुन्या आणि आजच्या नकाशावर जोडीने पकडलेल्या खुणा) ओढूनताणून जुळवतं, त्यामुळे चूक कुठेय तेच दिसत नाही. साधं पहिल्या दर्जाचं पॉलिनॉमियल घ्या. त्यात प्रत्येक बिंदूपुढे किती फरक राहिला ते आकड्यात दिसतं. एखादाच बिंदू फार हटलेला असेल तर बहुतेक तुम्ही वेगळीच इमारत पकडलेली असते.

दुसरी अडचण जागेची. तुमच्या लाइनच्या पूर्वेला खात्रीचे बिंदू भरपूर आहेत : राजाबाई टॉवर (१८७८ ला पूर्ण), जुनं सचिवालय, ससून डॉक (१८७५), अफगाण चर्च. पश्चिमेला समुद्र! तिथे पकडायला काहीच नाही. सगळे बिंदू एकाच बाजूला असले की दुसऱ्या बाजूला नकाशा फिरतो आणि ते कळतही नाही. तुमची लाइन नेमकी त्या काठावर आहे. शीट मोठं असेल तर मलबार हिलच्या टोकाचा एखादा बिंदू घ्या, दक्षिणेला प्राँग्ज दीपगृह (१८७५) घ्या. लाइन त्यांच्या मध्ये आली पाहिजे.

रूळरेषा

गणेश, हे सोन्यासारखं आहे. कूपरेजजवळ माझ्या दोन नकाशांत लाइन समांतर पण सरकलेली येतेय, ती बहुतेक याचमुळे. मलबार हिल घेऊन पुन्हा बसवते.

शैला_ठाणे

मी एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रेल्वेत नव्हते, पण रेल्वेचे प्लॅन आमच्याकडे ट्रेसिंगला यायचे. अनुभवाच्या काही गोष्टी सांगते.

कागद आकसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो लांबीत आणि रुंदीत सारखा आकसत नाही, हे विसरतात. जुन्या प्रिंटवर खाली स्केलची पट्टी छापलेली असते, ती मोजून लोक खूश होतात. ती पट्टी फक्त आडवी असते. उभ्या दिशेला काय झालंय ते तिच्यावरून कळत नाही. उभ्या दिशेची एखादी खात्रीची लांबी शोधा, म्हणजे आजही उभ्या असलेल्या इमारतीची बाजू वगैरे, आणि दोन्हीकडे वेगळा हिशोब करा. वर लिहिलेल्या ‘एक इंच बरोबर शंभर फूट’ वर तर कधीच जाऊ नका. प्रिंटवरून प्रिंट, त्यावरून झेरॉक्स, असं होत होत त्या वाक्याला काही अर्थ उरलेला नसतो.

आपल्याकडे पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर फुगतो. आमचे हेड ड्राफ्ट्समन जुलै-ऑगस्टमध्ये लांब प्लॅन एका दिवसात पुरा करायला लावायचे, नाही जमलं तर आधी सगळे मुख्य बिंदू एकदमच टोचून घ्यायला लावायचे. आज अर्धी आणि उद्या अर्धी अशी ओढलेली सरळ लाइन सांध्यावर मोडलेली दिसते. तुमचा प्लॅन दोन मीटरचा आहे, तेव्हा पॉलिएस्टर फिल्म घ्या. महाग आहे, पण हवेने हलत नाही.

शाई खोडायची तर ब्लेड आडवं धरून अलगद खरवडा, मग त्या जागेवर नखाची पाठ फिरवून कागद गुळगुळीत करा, नाहीतर पुढची शाई पसरते. हे ट्रेसिंग पेपरचं झालं. फिल्मवर ब्लेड लावू नका, तिथे ओलसर खोडरबर.

रूळरेषा

शैलाताई, मनापासून आभार. फिल्मवर ०.२ चं पेन चालेल ना? आणि वक्रांना तुम्ही काय वापरायचात?

शैला_ठाणे

फिल्मसाठी टोक कडक हवं, साधं स्टीलचं फार लवकर झिजतं. ०.२ चालेल.

वक्रांना रेल्वे कर्व्ह! दुकानात आजही याच नावाने मागायचे. लाकडी डब्यात वेगवेगळ्या त्रिज्यांच्या पट्ट्या असतात. फ्रेंच कर्व्हने रूळ काढू नका. त्याची त्रिज्या जागोजागी बदलते, रूळ तसा वळत नाही. आधी वक्राची त्रिज्या काढायची, मग तेवढीच पट्टी शोधायची.

त्रिज्या अशी काढायची : वक्रावर दोन बिंदू घेऊन सरळ रेघ जोडा, तिच्या मध्यापासून वक्रापर्यंतचं अंतर मोजा. जोडरेषेच्या लांबीचा वर्ग भागिले आठ पट ते अंतर. समजा कागदावर रेघ १०० मिलिमीटर आणि मधलं अंतर ४ मिलिमीटर. १०,००० भागिले ३२, म्हणजे साधारण ३१२ मिलिमीटर. १:१००० वर ती ३१२ मीटर त्रिज्या.

सांधेवाला

शैलाताईंच्या हिशोबाला पुढे जोडतो. आपल्याकडे वक्र अंशात सांगतात. १७५० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागा. ३१२ मीटर म्हणजे साधारण साडेपाच अंशांचा वक्र. ब्रॉडगेजला दहा अंश, म्हणजे १७५ मीटर, ही शेवटची मर्यादा. तुमच्या प्लॅनवर धावत्या लाइनीला त्याहून तीव्र वळण आलं तर रूळ चुकीचा नाही, तुमचा नकाशा नीट बसलेला नाही असं धरा.

मी सिग्नल खात्यात होतो, केबिनमध्ये बरीच वर्षं काढली. यार्ड कागदावर उभं करताना या गोष्टी कामाला येतील.

सांध्याला ठरलेला कोन असतो. आपल्याकडे नेहमीचे म्हणजे साडेआठला एक (साडेआठ पुढे गेलं की एक बाजूला) आणि बाराला एक. मुख्य लाइनीवर जिथे वेग हवा तिथे बारा, यार्डात साडेआठ. दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर जुन्या कामांत १४ फूट ते साडेपंधरा फूट. साडेपंधरा धरलं तर ४.७ मीटर. साडेआठच्या कोनाने शेजारच्या लाइनीवर जायला ४.७ गुणिले साडेआठ, म्हणजे ४० मीटर लांबी लागते. तुमच्या कागदावर चार सेंटीमीटर. पाच लाइनींची शिडी (एकापुढे एक सांधे लावून ओळीने फुटणाऱ्या लाइनी) असेल तर मध्ये चार अंतरं, म्हणजे १६० मीटर. नकाशात गुड्स शेडच्या भिंतीपासून पुलापर्यंत १०० मीटरच जागा असेल तर तिथे पाच लाइनींची सरळ शिडी बसूच शकत नाही. एकतर लाइनी कमी होत्या, नाहीतर सांधे दोन्ही बाजूंनी फुटत होते.

दुसरी गोष्ट, फोटोत रूळ दिसत नसले तरी सिग्नल दिसतात. जुन्या ब्रॅकेट सिग्नलवरचे (एकाच खांबावर शेजारी शेजारी हात असलेला) हात मोजा. शेजारी शेजारी तीन हात आणि मधला उंच असेल तर मधला मुख्य लाइनीचा. डावा हात डावीकडे फुटणाऱ्या वाटेचा, उजवा उजवीकडच्या. म्हणजे त्या सिग्नलच्या पुढे समोरून येणाऱ्या गाडीला लागणारे निदान दोन सांधे आहेतच. सिग्नल उगाच कुणी उभा करत नाही. मात्र यार्डात डबे-इंजिन हलवायच्या छोट्या शंट सिग्नलची गल्लत करू नका, ते वेगळे मोजा.

रूळरेषा

दादा, तुमचा हा प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावणार आहे.

चाळीस मीटरच्या हिशोबाने एक गोष्ट आजच उलगडली. कुलाब्याच्या उत्तर गळ्याशी (यार्डाचे रूळ जिथे एकत्र येतात) मी पेन्सिलने एक शिडी काढली होती, ती त्या जागेत मावतच नाही. पेन्सिलमध्ये होती हे बरं. सिग्नलच्या पुराव्याला वहीत वेगळा रकाना करतेय.

नवा_भिडू

हे सगळं वाचून मलाही करावंसं वाटतंय, पण सुरुवात कुठून करू? कागद कुठे मिळतात? मी घाटकोपरला राहतो. अंधेरी–कुर्ला–तुर्भे अशी एक लाइन होती म्हणे, ती काढायची इच्छा आहे.

रूळरेषा

नवा_भिडू, ‘तुर्भे’ म्हणजे आपलं ट्रॉम्बे, खाडीपलीकडचं नवी मुंबईतलं नव्हे, हे शोधताना लक्षात ठेवा. इंग्रजी कागदांत ती सालसेट–ट्रॉम्बे रेल्वे किंवा सेंट्रल सालसेट ट्रामवे म्हणून येते. १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला गुंडाळली. इतकी अल्पायुषी लाइन पहिल्या कामाला चांगली, कारण तारखेचा घोळ कमी.

कागदांसाठी : काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेचे बाड वर्षावार बघा. नुसता ‘नकाशा द्या’ असा अर्ज करू नका. जमीन संपादनाचा पत्रव्यवहार मागा. रेल्वेने जमीन घेतली की सोबत प्लॅन जोडलेला असतो, आणि तो पत्राच्या घडीत दुमडून राहतो. सूचीत त्याचा उल्लेख असेलच असं नाही. एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे संकेतस्थळ घरबसल्या बघता येतं, जुने अहवाल आणि नकाशे आहेत. शहराच्या दक्षिण भागासाठी १८७२ ला पुरा झालेला लॉटनचा सर्व्हे आहे. इमारती इतक्या बारकाईने दाखवलेल्या आहेत की बिंदू पकडायला त्याच्यासारखं काही नाही. तुमच्या लाइनीला मात्र तो उपयोगी नाही, तो मुंबई बेटापुरता आहे.

आणि वर्किंग टाइमटेबल मिळालं तर सोडू नका. प्रवाशांचं नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी छापलेलं. कुठल्या स्टेशनात दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात ते त्यात असतं. जिथे ओलांडतात तिथे लूप, म्हणजे बाजूला फुटून पुन्हा मिळणारी लाइन, आलीच.

मैलांचे आकडे वापरताना शून्य कुठलं ते आधी बघा. आज पश्चिम रेल्वेचे किलोमीटर चर्चगेटपासून मोजतात. कुलाबा होतं तेव्हाच्या कागदांत मैल कुलाब्यापासून. जुना आकडा तसाच आजच्या खांबांवर लावला तर सगळं यार्ड दोन किलोमीटर सरकेल.

परळकर

एका कचेरीत मी जुने यार्ड प्लॅन बघायला गेलो होतो. ‘जागा नव्हती म्हणून रद्दीत दिले’ असं सांगितलं. लिनन कापडावरचे होते. बायका ते धुऊन रुमाल करायच्या, असं तिथलाच एक जण म्हणाला. ऐकून काही सुचेना.

शैला_ठाणे

कापडाचं खरं आहे. ट्रेसिंग क्लॉथ धुतलं की खळ जाते आणि तलम मलमल राहते. आमच्याकडेही न्यायच्या.

म्हणूनच सांगते, ज्यांच्या घरी रेल्वेतल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंका आहेत त्यांनी त्या उघडा.

घाटवाट

धागा कुलाब्याचा आहे, पण ‘एकाच दिवसाचा नकाशा’ या मुद्द्यावर बोर घाटाचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

१८६३ ला घाट सुरू झाला. २५ बोगदे, ३७ ला एक चढ, आणि मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिथे शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने वर निघायची. १८६७ च्या जुलैत मऊ-की-मल्लीचा पूल कोसळला आणि तिथली लाइन वळवावी लागली. पुढे १९२९ च्या सुमाराला नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशनच रद्द झालं. म्हणजे बोर घाटाचे निदान तीन नकाशे होतात. चौथा, तिन्ही मिसळलेला, पुस्तकांत छापून येतो.

या घाटाचे बांधकाम चालू असतानाचे फोटो आहेत, ॲलिस ट्रेडवेल यांनी काढलेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नीने, म्हणजे याच ॲलिसने, काम पुरं करून घेतलं. आणि जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) चीफ इंजिनिअर बर्कले यांनी १८६० मध्ये लंडनच्या इंजिनिअरांपुढे वाचलेला निबंध आहे. त्याची तारीख ध्यानात ठेवायची. १८६० मध्ये घाट पुरा झालेला नव्हता. त्यातलं जे आहे ते झालेलं कमी आणि होणार असलेलं जास्त.

रूळरेषा

घाटवाट, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. प्रस्तावाचा प्लॅन आणि झालेल्या कामाचा प्लॅन हुबेहूब सारखे दिसतात, सही-शिक्क्यासकट. वहीत मी दोन्हींना वेगळी खूण ठेवलीय. प्रस्तावाच्या प्लॅनवरून एकही रेघ शाईत जात नाही, जोडीला दुसरं काही नसेल तर.

डोंबिवली_स्लो

अज्ञानी प्रश्न. मुंब्र्याला स्लो गाडी एवढी वळसा घेऊन का जाते आणि मेल बोगद्यातून सरळ का, तेही जुन्या नकाशातून कळेल का?

घाटवाट

हो की. १८५४ ला ठाणे–कल्याण लाइन झाली ती डोंगराला वळसा घालून, मुंब्र्याकडून. पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ चा. तुमची स्लो गाडी पहिल्या लाइनीने जाते.

डोंबिवली_स्लो

रोज जातो आणि माहीत नव्हतं! धन्यवाद.

गोदीकर

माझे वडील गोदीत होते. पोर्ट ट्रस्ट रेल्वे १ जानेवारी १९१५ ला सुरू झाली. वडाळ्याला मोठं यार्ड, तिथून गोद्यांच्या दारात रूळ. बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून बोटीवरचे प्रवासी थेट पेशावरच्या गाडीत बसायचे, फ्रंटियर मेल १९२८ ची. आता बहुतेक रूळ उखडले किंवा डांबराखाली गेले. हे मला काढायचंय, पण पसारा बघून हात आखडतो. तारीख कुठली धरू?

रूळरेषा

गोदीकर, हे तुम्ही कराच, आणि लवकर करा. गोदीत काम केलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारता येतंय.

तारखेचं म्हणाल तर एक दिवस गोदीने स्वतःच दिलाय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट. त्यानंतर गोदीचा बराच भाग नव्याने उभारावा लागला. तुमचा प्रत्येक कागद स्फोटाआधीचा की नंतरचा, ही पहिली वर्गवारी. मी असते तर नकाशा स्फोटानंतरचा केला असता, १९५५–६० चा, कारण त्या काळचं सांगणारे लोक मिळतील. आधीचा नंतर, त्याच्यावरून मागे मागे जात.

आणि सगळी गोदी एकदम नको. वडिलांचं काम जिथे होतं तेवढीच शेड आणि तिच्या दारातले रूळ घ्या.

गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, साधारण २००० पासूनची. त्यात पोर्ट ट्रस्टचे बरेच रूळ दिसतात. ती चित्रं आत्ताच उतरवून ठेवा.

गोदीकर

शेड ठरली. अलेक्झांड्रा डॉकची बाजू. आईला विचारून त्यांच्या बरोबरच्या दोघांचा पत्ता काढतो.

सांधेवाला

सगळ्यांना एक कळकळीची विनंती. मोजमापासाठी रुळांवर उतरू नका. ‘बंद लाइन आहे, पाच मिनिटांत येतो’ म्हणत जाणारे मी खूप पाहिलेत, आणि बंद वाटणाऱ्या लाइनीवर शंटिंग चालू असताना पाहिलंय. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहेच, पण त्याहून तुमचा जीव मोठा. पादचारी पुलावरून, फलाटाच्या टोकाच्या अलीकडून, गाडीच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं पुरतं. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेला असतो. खिडकीतून तो वाचत गेलात तर जागा पन्नास-साठ मीटरच्या आत सापडते.

जिओगणेश

+१. आणि स्टेशनात फोटो काढायचा तर परवानगीचं आधी बघा.

रूळरेषा

सांधेवाला दादांशी पूर्ण सहमत. माझ्या तुकड्यात रूळच उरलेले नाहीत, तरी बधवार पार्क ही राहती वसाहत आहे. आत शिरायचं नाही, रस्त्यावरून बघायचं.

आता पुढचं. मलबार हिल आणि प्राँग्ज धरून नकाशे पुन्हा बसवले. कूपरेजजवळची सरकलेली लाइन आता दोन्ही नकाशांत एकावर एक येतेय. त्यामुळे चर्चगेटच्या दक्षिण टोकापासून कूपरेजपर्यंतचं शीट शाईत घ्यायला मोकळं झालं. शैलाताईंच्या सांगण्यावरून फिल्म आणलीय.

अडलंय ते कुलाब्याच्या उत्तर गळ्याशी, जिथे गुड्सच्या लाइनी पॅसेंजरच्या लाइनींपासून फुटतात. ती शिडी दादांच्या हिशोबाने खोडली, पण तिच्या जागी काय होतं त्याला सिग्नलचा पुरावा हवा. म्हणून सगळ्यांना विनंती. घरी जुने अल्बम असतील तर कुलाबा, कफ परेड, कूपरेज इथले १९३० च्या आधीचे फोटो बघा. मला स्टेशनाची इमारत नकोय, तिचे फोटो पुष्कळ आहेत. फुटबॉलच्या सामन्याचा, घोडागाडीचा, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या कुटुंबाचा फोटो चालेल. मागे कुठेतरी सिग्नलचा खांब, सिग्नल केबिनचं छप्पर किंवा वॉटर कॉलम (इंजिनात पाणी भरायचा नळ) दिसला तर तोच हवाय.

अनघा_दादर

इतके दिवस नुसती वाचत होते. माझे पणजोबा कापसाच्या दलालाकडे कारकून होते, कुलाब्याच्या कॉटन ग्रीनला. दोन फोटो आहेत, गासड्यांच्या ढिगापुढे उभे असलेले. आत्ता भिंग लावून बघितलं. एकात मागे उंच खांब आहे आणि त्याला दोन आडवे हात. तारा दिसत नाहीत. हे सिग्नल असू शकेल का?

सांधेवाला

हात शेजारी शेजारी आहेत की एकाखाली एक? शेजारी असतील तर ब्रॅकेट, म्हणजे दोन वाटा. एकाखाली एक असतील तर वेगळा हिशोब.

अनघा_दादर

शेजारी शेजारी. डावा थोडा उंच आहे.

सांधेवाला

मग मुख्य लाइन डावी आणि फुटणारी वाट उजवीकडे. फक्त फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढलाय ते कळायला हवं. आणि फोटोवाल्याला हातांची पुढची बाजू दिसतेय की मागची तेही. मागची असेल तर डावं-उजवं उलटं होईल.

रूळरेषा

अनघाताई, कृपा करून दोन्ही फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही, आणि कडा कापू नका. सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात त्यावरून दिशा लावता येईल. तारा नाहीत म्हणजे फोटो बहुधा १९२८ च्या आधीचा, तेव्हा माझ्या १९२९ साठी ही रेघ सध्या तुटक शाईत जाईल. वहीत नंबर दिला, ४७.

अनघा_दादर

शनिवारी स्कॅन करून टाकते. अल्बमचा कागद फोटोला चिकटलाय, तो ओढू की तसाच ठेवू?

शैला_ठाणे

अजिबात ओढू नकोस गं. पानासकट स्कॅन कर.